प्रत्येकाची एकच गोळी

"गोळी घरात कोण देणार, ते आधी ठरवा," औषधाच्या दुकानातल्या ताई म्हणाल्या होत्या. "एकानंच द्यायची. आणि देण्याआधी विचारून घ्या, अजून कुणी काही देतंय का."

मी पाकीट पर्समध्ये टाकत म्हटलं, "आमच्याकडे तो प्रश्नच नाही. आमच्याकडे गोळीला कुणी हातसुद्धा लावत नाही."

"मग ही कुणाला?"

"सासूबाईंना. पण ते घरात कुणाला माहीत नाही."

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मात्र तो सल्ला दुकानातच ठेवून आले. असले सल्ले बेफिकीर लोकांसाठी असतात अशी माझी समजूत होती. मी खोक्यातलं माहितीपत्रक दोन्ही बाजूंनी वाचते. रसायनशास्त्रात पदवी घेतली आहे, आणि त्याहून मोठी पदवी म्हणजे मला दोन वर्षांची मुलगी आहे. मिळेल ते तोंडात घालते आणि दिवसभर गुणगुणत असते, म्हणून तिचं नाव पडलं भुंगा. भुंगा झाल्यापासून मी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे ती गिळता येईल का, या नजरेनं बघते. नवरा म्हणतो, तू पाहुण्यांकडेही तसंच बघतेस.

आमची पुढची खोली म्हणजे सासूबाईंचं शिवणाचं दुकान. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, पडदे, गळे मोठे करणं. भिंतीला लागून मशीन, मधे कापायचं टेबल आणि टेबलावर काळ्या मुठीची त्यांची जड कात्री. त्या कात्रीला सासरेबुवांशिवाय कुणी धार लावायची नाही आणि सासूबाईंशिवाय कुणी धरायची नाही. जमिनीवर टाचण्या पडतात म्हणून मी भुंग्याच्या जन्मानंतर हट्टच धरला, तेव्हा सासऱ्यांनी काठीच्या टोकाला लोहचुंबक बसवून दिला. रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की मी गुडघ्यांवर बसून तो सगळीकडे फिरवते. टेबलाखाली, मशीनखाली, सासूबाईंच्या पायांच्या आजूबाजूला. पुढे जे काही लक्षात आलं ते या रांगण्यामुळेच.

झालं असं, की बालवाडीच्या बाईंनी वार्षिक कार्यक्रमासाठी ढगांचे पोशाख शिवायला दिले. कापड जाड आणि फुगीर, मधे कापसाचा थर असलेलं. कापायला लागलं की कात्री कुरकुरायची. आठवडाभर ढग कापले आणि सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी सूज आली. बाटलीचं झाकण उघडेना, कपाची कडी धरवेना.

घरात लगेच दोन पक्ष पडले.

सासऱ्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेलं काहीही गरम केलं आणि जरा तेल दिलं की सुटतं, हे त्यांचं शास्त्र. ते सकाळीच गरम पाण्याची पिशवी भरून तयार. नवरा शाळेत खेळ शिकवतो. त्याच्या मते जगातल्या सगळ्या सुजेवर एकच उपाय, बर्फ. तो संध्याकाळी घरी आला की गोठवलेल्या मटारची पिशवी घेऊन आईच्या मागे.

"बाबा, सुजेवर शेक म्हणजे आगीत तेल आहे."

"आणि तुझा बर्फ? ती काय आईस्क्रीम आहे?"

"मैदानावर मुलांना रोज लावतो मी."

"तुझी मुलं बारा वर्षांची आहेत. त्यांना काही नाही लावलं तरी बरी होतात."

सासूबाई सकाळी शेकून घ्यायच्या आणि संध्याकाळी मटार. दोघांनाही म्हणायच्या, "बरं वाटतंय हो." त्यांच्या धंद्यातली ही सवय. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, की मी अजिबात जाड झालेली नाही, तुमची टेपच आखूड आहे, तरी त्या म्हणतात, "असेल, टेप जुनी झालीय," आणि गुपचूप दोन बोटं सैल शिवतात. कुणाला तोंडावर नाही म्हणायचं, हे त्यांना जमतच नाही.

तिसरा पक्ष गोळीचा होऊ शकला असता. तो मीच जन्माला येऊ दिला नाही. एका दुपारी कुणीतरी वेदनाशामक गोळीचं नाव काढलं, तर मी जेवणाच्या टेबलावर त्या जातीच्या गोळ्यांचं माहितीपत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. पोटात जळजळ, जठरात व्रण, रक्तदाब वाढणं, मूत्रपिंडावर ताण, पायांवर सूज. सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. नवरा म्हणाला, "बास कर, माझंच पोट दुखायला लागलं." आणि त्याच टेबलावर सर्वानुमते ठरलं, की या घरात गोळी नको. वर मी माझा नेहमीचा नियमही ऐकवला, की कुठलंही औषध भुंग्याच्या हाती लागेल असं उघड्यावर दिसता कामा नये.

पुढच्याच आठवड्यात मी सासूबाईंना दोरा दातांनी ओढताना पाहिलं. सुईत ओवलेला दोरा अंगठ्यानं पकडवत नव्हता, म्हणून दातांत धरून मान मागे नेत होत्या. दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानात गेले, ते मी वर सांगितलंच.

दुपारचं जेवण झालं की मी हळूच गोळी द्यायचे. "आई, एकच आहे. रोज एक, जेवल्यावर. पण बाबांना कळू देऊ नका, आणि तुमच्या मुलाला तर मुळीच नाही. मीच नको म्हणाले होते ना."

"नाही सांगत गं." सासूबाईंनी गोळी घेतली आणि वर माझी पाठ थोपटली. "किती जपतेस."

गोळ्यांचं पाकीट मी कपाटावरच्या सुटकेसमध्ये ठेवलं.

आणि गुण आला. चार-सहा दिवसांत सूज उतरली, कात्री पुन्हा कुरकुरायला लागली. घरात आनंदीआनंद. सासरे पिशवीतलं पाणी ओतताना म्हणायचे, "शेक, शेवटी शेक." नवरा मटार फ्रीजमध्ये ठेवताना शीळ घालायचा. मी दोघांकडे बघून मनातल्या मनात हसायचे. बिचारे. त्यांना काय माहीत कशानं बरं वाटतंय. आज आठवलं की कळतं, दोघंही माझ्याकडे बघून अगदी तसेच हसत होते.

मग एका संध्याकाळी मी चुंबक फिरवत मशीनखाली गेले. सासूबाई शेवटची शिलाई मारत होत्या. त्या अनवाणी शिवतात, पायमोजे काढून बाजूला ठेवतात. घोट्याच्या वर मोज्याच्या रबराचा खोल वळ उमटला होता. खालचा पाय फुगलेला, घोट्याचं हाड कुठे दिसेना. मी बोटानं जरा दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"अगं, गुदगुल्या होतात," वरून आवाज आला.

"आई, पाय कधीपासून सुजलेत?"

"बसून बसून सुजतात. या धंद्यात असंच."

"आधी नव्हते सुजत. मी रोज बघते."

"तू माझे पाय रोज बघतेस?"

"मी टाचण्या बघते. पाय मधे येतात."

त्या हसल्या. पण मला हसू येईना. मग एकेक आठवायला लागलं. गेले काही दिवस त्या दूध थंडच पीत होत्या, आणि अर्ध्या तासानं पुन्हा. सकाळी डोकं जड आहे म्हणत होत्या. चपलेचा पट्टा त्यांनी एक भोक सैल केला होता. आणि माहितीपत्रकाची मागची बाजू तर मला पाठ होती. पण त्यात हे सगळं जास्त गोळ्या घेणाऱ्यांना, फार दिवस घेणाऱ्यांना होतं असं लिहिलं होतं. मी तर रोज एकच देत होते. एका गोळीनं असं व्हावं? मग हे दुसरंच काहीतरी असणार, हृदयाचं, मूत्रपिंडाचं. मी माझं पाकीट त्या दिवसापासून बंद केलं, पण सांगायचं कसं ते सुचेना.

"उद्या डॉक्टरकडे," मी सकाळी जाहीर केलं.

"चला," सासरे म्हणाले, "त्यालाच विचारू, शेक की बर्फ."

"मीपण येतो," नवरा म्हणाला. "एकदा सोक्षमोक्ष लागू दे."

अशी आमची वरात डॉक्टरांच्या खोलीत पोचली. खुर्च्या दोनच. एकीवर सासूबाई, दुसरीवर भुंग्याला घेऊन मी, बाकीचे दोघे भिंतीला टेकून. डॉक्टर वयस्क, बोलायला सावकाश. त्यांनी अंगठा पाहिला, पाय पाहिले, रक्तदाब मोजला. मग पट्टा पुन्हा गुंडाळून पुन्हा मोजला.

"वाढलाय. बराच. आधी कधी होता?"

"कधीच नाही," सासूबाई म्हणाल्या.

"हाताच्या दुखण्यावर काय घेताय?"

सासऱ्यांनी घसा खाकरला. "सकाळी शेक, डॉक्टर. माझा."

"संध्याकाळी बर्फ," नवरा म्हणाला. "आणि गुण त्याचाच आहे."

"पोटातून काही? गोळी वगैरे?"

सासूबाईंनी छताकडे पाहिलं. मला वाटलं आता लपवण्यात अर्थ नाही, जे व्हायचं ते होवो. मी तोंड उघडलं.

"एकच," मी म्हटलं.

"एकच," सासरे म्हणाले.

"एकच," नवरा म्हणाला.

तिघांचं एकदमच झालं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मी सासऱ्यांकडे वळले. "बाबा, तुम्हाला कसं कळलं? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतंस? गोळी मी देतो."

"तुम्ही?" नवऱ्याचा आवाज चिरकला. "मी देतो गोळी. रात्री जेवल्यावर."

"तू? तू तर बर्फवाला."

"आणि तुम्ही शेकवाले ना? मग गोळी कशाला?"

"अरे, तिला चहाचा कप दोन्ही हातांनी धरताना पाहिलं मी," सासरे जरा ओशाळून म्हणाले. "सकाळी न्याहारीनंतर एक देतो. हिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. हिनं इतकं वाचून दाखवलं होतं."

"मीपण म्हणूनच," नवरा म्हणाला.

"मीपण," मी म्हटलं. "दुपारी."

मग प्रत्येकानं आपापली जागा सांगितली. सासऱ्यांचं पाकीट हत्यारांच्या पेटीत, तळाला, पान्यांच्या खाली. नवऱ्याचं त्याच्या जुन्या बुटांत. माझं सुटकेसमध्ये. उघड्यावर काही दिसता कामा नये हा माझाच नियम, आणि तो घरात इतका काटेकोरपणे पाळला जातोय हे मला पहिल्यांदाच कळत होतं. सासरे आणि नवरा दोघांनी डॉक्टरांना गुपचूप दाखवायला म्हणून पाकिटं खिशातून आणलीच होती. माझंही मी सकाळी सुटकेसमधून काढून पर्समध्ये टाकलं होतं. डॉक्टरांनी तिन्ही टेबलावर ओळीनं मांडली. एक निळं, एक नारिंगी, एक पांढरं. कंपन्या तीन, नावं तीन. मग डॉक्टरांनी प्रत्येकावर बारीक अक्षरांतल्या ओळीखाली नख ठेवलं.

औषध एकच होतं.

"म्हणजे ह्या बाई," डॉक्टर सावकाश म्हणाले, "तुमच्या हिशेबानं रोज एक घेत होत्या. प्रत्येकाची एक."

आम्ही सगळे सासूबाईंकडे बघू लागलो. त्या मांडीवरची पिशवी उगाच सरळ करत होत्या.

"आई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"कशी बोलणार? तिघांनी शपथ घातली होती, कुणाला सांगू नका म्हणून. मी कुणालाच नाही सांगितलं." त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "आणि तिघांचे रंग वेगळे. मला वाटलं, एक सुजेची, एक दुखण्याची आणि एक ताकदीची असेल."

"आणि पोटात जळजळ?"

"ती व्हायची. पण तुम्ही सगळे म्हणायचात, जेवल्यावरच घ्या. म्हणून मी भूक नसली तरी जेवायचे. मला वाटलं जास्त जेवल्यानं होतंय."

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. सासरे भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र मन लावून वाचू लागले. भुंग्यानं डॉक्टरांचं पेन तोंडात घातलं आणि मी ते नेहमीसारखं काढून घेतलं. त्या एका ओळखीच्या कामानं मला जरा धीर आला.

डॉक्टरांनी तिन्ही पाकिटं आपल्या खणात टाकली. "आजपासून यातली एकही नाही. रक्त तपासू, मूत्रपिंडांचं काय ते कळेल. पायांची सूज आणि रक्तदाब गोळ्यांमुळेच असतील तर उतरतील. जळजळीवर मी वेगळं देतो. वेळेत आलात, पण जेमतेम." मग ते सासूबाईंकडे वळले. "आता तुम्ही सांगा. शेकानं बरं वाटतं की बर्फानं?"

सासरे पुढे सरसावले. नवराही. डॉक्टरांनी हातानंच दोघांना थांबवलं.

सासूबाईंनी एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मला वाटलं, आता नेहमीचं येणार, दोन्हींनी हो. पण बहुधा ते खणात गेलेलं सगळं बघून त्यांना बळ आलं असावं.

"खरं सांगू? शेकानं चटका बसतो आणि बर्फानं हात बधिर होतो. हात उशीवर ठेवून नुसतं बसलं की बरं वाटतं." जरा थांबून म्हणाल्या, "पण ते कुणी आणून देत नाही ना."

डॉक्टर हसले नाहीत, आणि आमचीही कुणाची हिंमत झाली नाही. त्यांनी अंगठा स्थिर ठेवणारा एक पट्टा दिला, वरून लावायला मलम दिलं, तेही दिवसातून किती वेळा ते सांगून आणि कोण लावणार ते विचारून. "एकानंच," ते म्हणाले. औषधाच्या दुकानातल्या ताईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. "आणि कात्री बंद. पट्टा निघेपर्यंत."

"पण माझे ढग?" सासूबाई म्हणाल्या. सगळ्या भेटीत त्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला तो तेव्हा. "बालवाडीच्या बाईंना शब्द दिलाय."

"ढग आम्ही कापू," सासरे म्हणाले.

रक्ताचा निकाल यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी भुंग्याकडेसुद्धा अर्धंच लक्ष देऊ शकले. एकदा तर तिनं चिकटपट्टीचं अख्खं रीळ स्वतःभोवती गुंडाळलं आणि मी बघत असूनही मला दिसलं नाही. निकाल आला. मूत्रपिंडं ठीक होती. काठावर, पण ठीक. रक्तदाब आठवड्यानं पुन्हा मोजायचा होता. मी तो कागद वाचून सासूबाईंच्या गळ्यात पडले तेव्हा त्या म्हणाल्या, "हळू गं, पट्टा."

पुढच्या खोलीत त्या आठवड्यात जे शिवण झालं, तसं या गावात आधी कधी झालं नसेल. सासूबाई खुर्चीत, उजवा हात उशीवर. उशी मी आणून ठेवायची, हे माझं काम ठरलं होतं. सासऱ्यांनी काळ्या मुठीची कात्री परवानगी घेऊन उचलली आणि ढग कापायच्या आधी पट्टी, काटकोन मापायचा गुण्या आणि पेन्सिल घेऊन तासभर आखत बसले.

"अहो, ढग आहे तो. लिफ्टचं दार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"कडा सरळ नको?"

"ढगाला कडा सरळ असते का कधी?"

"मग आधी सांगायचं."

"तुम्ही विचारलं कुठे?" सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर दचकल्यासारख्या झाल्या. मग त्यांना हसू फुटलं. हातापेक्षा मोठं काहीतरी सुटल्यासारखं त्या हसत राहिल्या. त्या दिवसानंतर त्या आम्हाला धडाधड नाही म्हणायला लागल्या. ही शिवण नको, उसव. चहा नको, आत्ताच झाला. शेक नको, मटार नको, मटार शिजवून टाका एकदाचे. नवरा कापूस भरत होता आणि त्याच्या केसांत, कानांत, भुंग्याच्या मुठींत सगळीकडे कापूस. मी मशीनवर. माझी शिलाई इतकी वाकडी, की सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, पण उसवायला लावलंच. डाव्या हातानं त्या दाखवायच्या, इथून, हां, आता वळ, हळू.

ढग झाले. एक चौकोनी, एक खांद्यावरून घसरणारा, एक तर चक्क बटाट्यासारखा. बालवाडीच्या बाई न्यायला आल्या तेव्हा आम्ही तिघं गुन्हेगारांसारखे ओळीनं उभे. त्यांनी एकेक उलगडून पाहिला.

"सगळे वेगवेगळे झालेत," त्या म्हणाल्या.

नेहमीच्या सासूबाई म्हणाल्या असत्या, की टेप जुनी झालीय. या वेळी त्या सरळ म्हणाल्या, "माझा हात दुखत होता. मी नाही शिवले. यांनी शिवलेत."

"मग बरंच झालं," बाई म्हणाल्या. "मुलांना आपापला ओळखता येईल."

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी चुंबक घेऊन मशीनखाली गेले. सासूबाई नुसत्याच बसल्या होत्या, पाय जमिनीवर, मोजे बाजूला. मोज्याचा वळ होता, पण हलकासा, माझ्याही पायावर असतो तसा. घोट्याचं हाड दोन्ही बाजूंनी दिसत होतं. पुन्हा मोजलेला रक्तदाबही उतरला होता. मी बोटानं दाबलं आणि उचललं. खड्डा राहिला नाही.

"गुदगुल्या," वरून आवाज आला.

"बघू द्या ना."

"बघ बाई. पण टाचण्याही बघ."

आता आमच्याकडे सगळी औषधं एकाच डब्यात असतात, भुंग्याच्या हाताबाहेर पण आमच्या सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि गोळी द्यायची झालीच तर ती मोठ्यानं बोलून द्यायची. नवरा तर डोळ्यांत थेंब घालतानाही घरभर जाहीर करतो. पण हे मी डब्यासाठी लिहिलेलं नाही. तुमच्या घरातही एक माणूस असेल, सगळ्यांना हो म्हणणारं, जे द्याल ते घेणारं, सांगितलेलं गुपित राखणारं. आज त्याच्याजवळ जाऊन बसा. आधी पाय बघा, घोट्याचं हाड दिसतंय का ते. मग विचारा, तुम्हाला अजून कोण काय देतंय, आणि तुम्हाला स्वतःला कशानं बरं वाटतं. उत्तर "काही नको, ठीक आहे" असं आलं, तर उठू नका. एक उशी आणा आणि पुन्हा विचारा.